लिव्हर सिरॉसिस : पोट सुटले, की पाणी साठले?

सिरॉसिस म्हटले की मद्यपी माणूसच डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात दारूला कधीही न शिवलेल्यांनाही हा विकार जडतो. हिपॅटायटिस बी आणि सी यांचा दीर्घकालीन संसर्ग, तसेच मधुमेह व स्थूलतेसोबत यकृतात साठणारी चरबी हीदेखील त्याची प्रमुख कारणे आहेत. पेशी वर्षानुवर्षे नष्ट होत राहिल्या की त्यांच्या जागी व्रणासारखे तंतू तयार होतात आणि यकृत कठीण, गाठाळ बनते. फ्रेंच वैद्य रेने लेनेक यांनी १८१९ मध्ये या विकाराला दिलेले नाव अशा यकृताच्या पिवळट रंगावरून आले आहे.

यकृताची राखीव क्षमता मोठी असल्याने प्रारंभी रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. थकवा, मंदावलेली भूक, मळमळ ही लक्षणे 'पित्त' किंवा 'दगदग' या नावाखाली खपून जातात. तळहात लाल होणे, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रक्तवाहिन्या उमटणे, पुरुषांमध्ये स्तनांची वाढ या खुणा त्याहून बोलक्या असतात.

सर्वाधिक फसगत होते ती पोटाबाबत. दंड व गालफडे कृश होत असताना पोट वाढत जाते आणि वजनकाटा मात्र घट दाखवत नाही. ही चरबी नसून जलोदर असू शकतो. घोट्याजवळ बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर शंका बळावते. कठीण यकृतातून रक्ताला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि अन्ननलिकेतील शिरा फुगतात. त्या फुटल्यास रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. जलोदराच्या रुग्णाला ताप किंवा पोटदुखी सुरू झाल्यासही विलंब नको.

दिवसा झोप, रात्री जागरण, असंबद्ध बोलणे, पुढे धरलेल्या हातांचे पंजे फडफडणे ही मेंदूवरील परिणामाची चिन्हे आहेत. वृद्धांमध्ये ती विस्मरण समजून सोडून दिली जातात.

डोळे पिवळे होणे हे बहुधा उशिराचे लक्षण. तरीही शिकलेल्या घरांतूनही आधी काविळीची माळ घातली जाते आणि मोलाचे दिवस निघून जातात. रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स सर्वसाधारण आली म्हणून सिरॉसिस नाहीच, असेही म्हणता येत नाही. प्लेटलेट्सची घटलेली संख्या, सोनोग्राफी आणि यकृताचा ताठरपणा मोजणारे फायब्रोस्कॅन यांतून चित्र स्पष्ट होते. तोवर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. मूळ कारणावर वेळीच उपचार झाल्यास विकाराची वाढ थोपवता येते. हिपॅटायटिस सी तर बहुतांश रुग्णांत काही महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.