म्यूझस्कोरमध्ये मींड आणि आंदोलनाची चिन्हे

बडोद्यात 1916 साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने. त्यांची क्रमिक पुस्तके मूळ मराठीत. त्यामुळे आपल्या घरांतल्या गाण्याच्या जुन्या वह्या बऱ्याचदा त्यांच्याच स्वरलिपीत सापडतात. नातवंडे मात्र व्हायोलिन आणि कीबोर्ड शिकतात ती पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीवर. आजोबांच्या वहीतली बंदिश त्यांच्यापुढे ठेवायची म्हणून आम्ही मंडळात काही चिजा म्यूझस्कोर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उतरवल्या. त्यात जे कळले ते येथे देत आहोत.

प्रत्येक चिन्हाचे चित्र करण्याची गरज नाही. आम्ही सुरुवातीला तेच करत बसलो होतो! कणस्वरासाठी सॉफ्टवेअरमध्ये लहान आकाराचा ग्रेस नोट तयार आहे. समेचा × आणि खालीचा ० साध्या अक्षरांत टाइप होतो, बोलही देवनागरीत लिहिता येतात. कंसातला (प) म्हणजे ध प म प. पाश्चात्त्य लिपीतले 'टर्न' हे चिन्ह नेमके हेच सांगते.

अडते ते मींडेपाशी. भातखंडे लिपीत मींड म्हणजे स्वरांवरची कमान. पाश्चात्त्य लिपीतही तशीच कमान असते, तिला स्लर म्हणतात आणि व्हायोलिनवाला तिचा अर्थ 'एका गजात वाजव' असा घेतो. आमच्या एका मुलीने तसेच वाजवले. सगळे स्वर बरोबर, गज एक, आणि मींड कुठेच नाही. चूक तिची नव्हती, कागदाची होती. ग्लिसांडोची तयार रेघ आहे, पण मूळ सेटिंगमध्ये संगणक ती वाजवताना मधले अर्धस्वर पायरीपायरीने घेतो, म्हणून तीही सोडली. अखेर मींडेसाठी जाड तुटक कमान आणि आंदोलनासाठी बसकी लाट अशी दोनच चित्रे केली. त्यांचा अर्थ पहिल्या पानावर मराठीत लिहून ठेवतो.

चित्र इंकस्केपमध्ये काढून एसव्हीजी स्वरूपात साठवावे. पीएनजी किंवा जेपीजीही चालते, पण मोठी केल्यावर कडा फुटतात. साठवण्यापूर्वी पान चित्राच्या मापाचे करून घ्यावे, नाहीतर भोवतालचा कोरा कागदही बरोबर येतो. चित्रात अक्षर असेल तर त्याचे 'पाथ'मध्ये रूपांतर करावे.

मग फाइल ओढून ज्या स्वरावर मींड सुरू होते त्यावर सोडावी. योग्य स्वर उजळला की मगच बोट उचलावे. शेजारच्या स्वराला चिकटले तर पान बदलताना चित्र त्याच्याबरोबर जाते. प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये माप 'स्टाफ स्पेस'मध्ये घेण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे पुढे रेघांचा आकार बदलला तरी चित्र त्याच प्रमाणात राहते. तयार चिन्ह कंट्रोल आणि शिफ्ट दाबून आपल्या पॅलेटमध्ये ओढून ठेवले की पुन्हा शोधावे लागत नाही.

आमची मोठी चूक क्रमाची झाली. कमानी आधी बसवल्या, बोल नंतर भरले. बोलांमुळे स्वर लांब सरकले, पण चित्र ताणले जात नाही. कमानी अर्ध्यावर तुटलेल्या दिसू लागल्या आणि सारे पुन्हा करावे लागले. बँकेत आयुष्यभर 'आधी व्हाउचर, मग शिक्का' सांगितलेल्या माणसाकडून हे व्हावे! तेव्हा स्वर, बोल, ओळींची मांडणी आणि सर्वांत शेवटी चित्रे, हाच क्रम ठेवावा.

चित्र वाजत नाही. पट्टी बदलली तर स्वर बदलतात, चित्रातले अक्षर बदलत नाही. म्हणून चित्रात स्वराचे नाव लिहू नये. म्युझिकएक्सएमएलमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना चित्रे टिकतील असा भरवसा धरू नये. मूळ फाइलबरोबर पीडीएफही ठेवावी, आणि जुन्या वहीच्या पानाचा फोटोही. मींड किती हळू घ्यायची ते त्या कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या खुणांतच असते.