फणेरपेटी: एका लहान पेटीतला इतिहास

संग्रहालयात तलवारींपुढे गर्दी असते, शृंगाराच्या पेट्यांपुढे नसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर तिथल्या फणेरपेट्यांपुढे थांबा. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी घरगुती वापराच्या अशा हजारो वस्तू जमवल्या.

फणेरपेटी म्हणजे जुन्या मराठी घरातली शृंगारपेटी. ती लाकडाची, पुष्कळदा पितळेने मढवलेली. झाकणाला आतून आरसा आणि खाली फणी, मेण, काजळ, कुंकू यांची जागा. तिची रचना नीट पाहा. पेटी बुटकी आहे आणि आरसा तिरका उभा राहतो, कारण वापरणारी जमिनीवर बसत असे. मेण आणि कुंकू जोडीने असतात, कारण कोरडी पूड कपाळावर टिकत नाही; आधी मेण लावावे लागे, मग त्यावर कुंकू.

कुंकवाचा करंडा पितळेचा, चांदीचा किंवा लाकडी असे. लाकडी करंडा कसा रंगवतात हे पाहायचे असेल तर बेंगळुरूपासून सुमारे 60 किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. तिथे फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. ब्रश लागत नाही.

आता महत्त्वाचा प्रश्न: ही पेटी कोणाची? नवरा जिवंत असेपर्यंतच ती बाईची होती. तो गेला की कुंकू पुसले जाई आणि करंडा तिला वर्ज्य होई. ज्या जातींत केशवपनाची रूढी होती, तिथे फणीही सुटे. पेटी तशीच राही, तिच्यावरचा हक्क जाई. म्हणून ही पेटी सौंदर्याइतकीच सत्तेचीही साक्ष देते.

हा इतिहास फार जुना समजू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे 2022 मध्ये. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले.

स्वाध्याय: घरातला एखादा जुना करंडा किंवा डबी हातात घ्या. ती कशाची आहे, कशी वापरत, आणि घरातल्या कोणाला ती वापरता येत नव्हती, हे आजीला विचारून लिहा. तिसऱ्या प्रश्नाला घाई करू नका.