सांधेरोपणाची दीर्घ प्रतीक्षा आणि तिचे परिणाम

झिजलेल्या गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया सहसा तातडीची मानली जात नाही. त्यामुळे ती सहज पुढे ढकलली जाते. मात्र या काळात रुग्णाची वेदना तर लांबतेच, शिवाय शस्त्रक्रियेपासून मिळणारा लाभही घटू शकतो.

शरीरावरील परिणाम
दुखऱ्या पायावर भार देणे टाळल्याने मांडीचे स्नायू अशक्त होतात. गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो, पायाचा बाक वाढतो आणि दुसऱ्या पायावर ताण येतो. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडांना अपाय संभवतो. अपुरी झोप आणि परावलंबन यांतून नैराश्यही येते. शस्त्रक्रियेपूर्वी हालचाल फार खालावलेल्या रुग्णांची नंतरची हालचालही इतरांपेक्षा कमी राहते, असे अभ्यासांत आढळले आहे.

कोविडच्या साथीत ब्रिटनमध्ये नियोजित शस्त्रक्रिया लांबल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील एका अभ्यासात, खुबारोपणाची वाट पाहणाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांचे जीवनमान ‘मृत्यूपेक्षाही वाईट’ या श्रेणीत मोडले.

खर्च आणि अंतर
भारतात अनेकदा प्रतीक्षा यादीपेक्षा पैशाची जुळवाजुळवच अधिक लांबते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची सरासरी किंमत सुमारे १ लाख ५८ हजार रुपयांवरून करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आली. रुग्णालयाचा इतर खर्च या मर्यादेबाहेर राहिला. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण दिले. २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्व नागरिक तिच्या कक्षेत आले.

छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई परिसरात, पद्मनाभपूरसारख्या वसाहतींतील रुग्णांपुढे अंतराचाही प्रश्न असतो. रायपूरचे एम्स तेथून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. तेथे उपचार घ्यायचे तर तपासणी, शस्त्रक्रिया आणि फेरतपासणी अशा प्रत्येक खेपेला बसची पायरी चढणे आणि सोबतीला घरातील कोणाची तरी मजुरी बुडणे ओघाने येते.

प्रतीक्षेच्या काळात
हा काळ तयारीसाठी वापरता येतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरून ठेवण्यासारखे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने करावेत. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि दातांचा संसर्ग यांवर आधीच उपचार घ्यावेत, अन्यथा ठरलेली तारीखही पुढे जाऊ शकते.

वारंवार तोल जाणे, बाक झपाट्याने वाढणे किंवा रात्रीची झोप मोडणारी वेदना सुरू होणे ही पुन्हा तपासणी करून घेण्याची लक्षणे होत. ताप येऊन सांधा गरम व लाल झाल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.