शिक्षा कशाला म्हणावे?

अलिबागकडच्या एका बंदरावर काही वर्षांपूर्वी माझे कीर्तन होते. मच्छीमारी होडीवर खलाशी असलेला एक नेपाळी मुलगा मागे बसून ऐकत होता. कीर्तन आटोपल्यावर पाया पडून हिंदीत म्हणाला, "महाराज, मुझे शिक्षा नहीं मिली." भोवतीची मंडळी हसली. "नशीबवान आहेस!" कुणी म्हणाले. मीही हसलो. त्याने मान खाली घातली.

घरी जाताना माझी चूक ध्यानात आली. हिंदीत आणि नेपाळीत शिक्षा म्हणजे विद्या. दंडाला हिंदीत 'सज़ा', नेपाळीत 'सजाय'. आपण मराठी माणसे शिक्षा म्हणजे दंड समजतो आणि विद्येला शिक्षण म्हणतो. कानडीतही तसेच, 'शिक्षे' म्हणजे दंड, 'शिक्षण' म्हणजे विद्या. चंद्रभागेच्या वाळवंटात कानडी भाविक आणि आपण शेजारी उभे राहतो, तसे आपले शब्दही शेजारी राहिले.

मूळ संस्कृतात 'शक्' म्हणजे समर्थ असणे. समर्थ होण्याची इच्छा धरणे, तो 'शिक्ष्'. सहा वेदांगांतले 'शिक्षा' हे अंग वर्णांचा उच्चार शिकवते. तैत्तिरीय उपनिषदाची पहिली वल्ली शीक्षावल्लीच. पण शिकवण्यात वळण लावणे आले, वळणामागून छडी आली. आमच्या पिढीने पाढे आणि छडी एकाच हातून घेतली.

हे दोन्ही अर्थ एका ठिकाणी भेटले, ते आपल्या रायगडच्याच एका सुपुत्रापाशी. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. सरकारच्या लेखी ती शिक्षा. तिथे त्यांनी रविवारी रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बंदिवानांपुढे मराठीत प्रवचन केले. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तीच 'गीता प्रवचने'. सरकारने दंड म्हणून दिलेली शिक्षा तिथे विद्या झाली.

दुसऱ्या दिवशी मी बंदरावर गेलो. होडी समुद्रात गेली होती. तो मुलगा पुन्हा भेटला नाही. विद्या मागायला आलेल्याला मी हसण्याचा दंड दिला, हे मनातून जात नाही.

म्हणून माउलीहो, वारीत परमुलखातल्या माणसाच्या शब्दाचे हसू आले, तर आधी विचारा, "तुमच्याकडे याचा अर्थ काय?" एवढे शिकलो, तरी पुष्कळ.