लांब झगा ते पॅडची शॉर्ट्स : स्त्रियांच्या सायकल-पोशाखाचा इतिहास

१/ ऑक्टोबर १८९८. इंग्लंडमधील सरे परगण्यातील ऑकम गाव. लेडी हार्बर्टन सायकलवरून तेथील एका हॉटेलात आल्या. अंगात झग्याऐवजी सैल विजार होती. तेवढ्या कारणावरून मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात प्रवेश नाकारला आणि बारलगतच्या खोलीत बसण्यास सांगितले.

२/ सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने प्रकरण न्यायालयात नेले. १८९९ मध्ये ज्यूरीने मालकिणीला निर्दोष ठरवले. दुसरी खोली देऊ केली होती, तेव्हा सेवा नाकारलीच नाही, असा बचाव होता. खटला हरला, प्रश्न मात्र घरोघरी पोहोचला.

३/ विजारच का? १८८५ च्या सुमारास सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘सेफ्टी’ सायकल आली आणि स्त्रियांना दूरचा रस्ता खुला झाला. परंतु पायघोळ झगा साखळीत अडके, वाऱ्याने फुगे. हार्बर्टन यांच्या पुढाकाराने १८८१ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’चे म्हणणे होते की, स्त्रीच्या अंतर्वस्त्रांचे वजन सात पौंडांहून, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंहून, अधिक नसावे!

४/ काहींनी मधला मार्ग काढला. लंडनच्या अ‍ॅलिस बायग्रेव्ह यांनी १८९५ मध्ये एका झग्याचे पेटंट घेतले. दोऱ्या आणि कप्प्यांच्या साहाय्याने तो स्वारीपूर्वी वर ओढता येई आणि उतरताच खाली सोडता येई.

५/ झग्याचा प्रश्न पुढे सुटला, बैठकीचा उरला. शर्यतपटू लोकरी शॉर्ट्समध्ये शॅमॉयचे मऊ कातडे शिवून घेत. धुतल्यावर ते कडक होई, म्हणून मलम चोळावे लागे. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्पँडेक्स धागा तयार झाला. पुढे लोकरीची जागा लायक्राने आणि कातड्याची कृत्रिम पॅडने घेतली.

६/ पण हा पॅड कोणाच्या मापाचा? ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची रस्ता-शर्यत १८९६ पासूनची. स्त्रियांची पहिली १९८४ ची. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अंतर! बाजारही दीर्घकाळ पुरुषांच्याच मापाने चालला.

७/ स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधील अंतर सरासरीने अधिक असते आणि पुढे वाकल्यावर भार नाजूक भागावर येतो. म्हणून पॅड मागे पुरेसा रुंद हवा आणि मधोमध शिवण नको. जाड पॅड म्हणजे अधिक आराम, हाही भ्रमच. फार जाड पॅड गोळा होऊन घासतो. आत अंतर्वस्त्र घालू नये. त्याची शिवण आणि ओल कातडी सोलते. शॉर्ट्स घेताना हँडलवर वाकल्यासारखे वाकून पाहावे. उभ्याने घेतलेले माप फसवते.

८/ लांब पल्ल्यासाठी खांद्यावरच्या पट्ट्यांची बिब शॉर्ट्स उत्तम. कंबर काचत नाही, पॅड सरकत नाही. मात्र लघुशंकेसाठी वरचा जर्सीही उतरवावा लागे. आता मागून सुटणारे क्लिप किंवा चेन असलेले प्रकार मिळतात. स्वारीत घट्ट, उतरल्यावर सुटसुटीत : बायग्रेव्ह यांना हेच तर हवे होते.

९/ शंभर किलोमीटरची स्वारी अनेकदा पायांतील बळ संपल्याने थांबत नाही, कातडी सोलल्याने थांबते. म्हणूनच आपल्या मापाची शॉर्ट्स मागणे हे नखरे नव्हेत. १८९८ मध्ये प्रश्न होता तो स्त्रीने कुठे बसावे याचा. आजचा आहे ती किती दूर जाऊ शकेल याचा.