आघाडीवरील टाइपरायटर आणि रानातील वाणी

युद्धवार्ताहर म्हटला की गुडघ्यावर टाइपरायटर घेऊन बसलेली एक आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. ती आम्हांस अपरिचित नाही. मूळचे गोमंतकीय असलेले बॅरिस्टर फ्रँक मोराइस १९४२ ते १९४५ या काळात ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे वार्ताहर म्हणून ब्रह्मदेश व चीन येथील आघाड्यांवर गेले होते. मात्र त्यांची बातमीपत्रे इंग्रजी. आमच्या मुलखात ती परभाषेचा फेरा घेऊनच पोहोचत.

डिसेंबर १९६१ मध्ये युद्ध बेळगावच्या दारी आले. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालील सैन्य येथे जमले, १८ तारखेस गोव्यात शिरले आणि १९ तारखेस पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. वार्ताहरांच्या वाट्यास दोनच दिवस आले. परंतु याच सीमेवर वार्तेची लढाई सहा वर्षे चालू होती. सालाझारशाहीने गोव्यातील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली होती. म्हणून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून प्रथम आंबोलीच्या व पुढे कॅसलरॉकच्या रानातून गुप्त नभोवाणी चालविली, तीही कोंकणी व पोर्तुगीज भाषांत. मुक्तीची वार्ताही त्यांनीच विमानातून गोमंतकीयांस ऐकविली.

साक्षीदाराची जबानी त्याच्याच भाषेत ऐकावी, असे आम्ही वकील मानतो. टाइपरायटरने लिहिलेले कागद दप्तरांत उरतात. नभोवाणीचे शब्द हवेत विरतात. तेव्हा ज्यांनी ते ऐकले, त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत वेळीच टिपून ठेवल्या पाहिजेत.