ट्रेझर आयलंडचा नकाशा

स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन (१८५०–९४) यांच्या ट्रेझर आयलंड या कादंबरीला जन्म देणारे चित्र. १८८१च्या उन्हाळ्यात ब्रेमर येथे पावसाने घरात अडकवून ठेवले असता, सावत्र मुलगा लॉइड याच्या सोबतीने रंगांशी खेळताना त्यांनी एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला. तो न्याहाळता न्याहाळता पात्रे दिसू लागली आणि लगोलग प्रकरणांची यादी तयार झाली.

कथानकालाही नकाशानेच वळणे दिली. बेटाला दोन बंदरे काढून झाली होती, म्हणून कथेतील हिस्पॅनिओला जहाजाला इझ्रेल हँड्स या चाच्यासह भटकावे लागले. नकाशातल्या एका छोट्या बेटाचे ‘स्केलेटन आयलंड’ हे नाव तर निव्वळ झोकात दिलेले. ते सार्थ ठरवण्यासाठी खजिन्याची दिशा दाखवणारा सांगाडा आणला, तोही एडगर ॲलन पो यांच्याकडून उचललेला. ही कबुली स्टीव्हन्सन यांचीच.

यंग फोक्स साप्ताहिकातील क्रमशः प्रकाशनानंतर १८८३ मध्ये पुस्तक निघाले. त्यासाठी कॅसल या प्रकाशनसंस्थेकडे धाडलेला मूळ नकाशा मात्र तिथे पोचलाच नाही. मग उलटे काम आले : सगळी कादंबरी चाळून, एकेक उल्लेख टिपून, त्याबरहुकूम नवा नकाशा बेतायचा. तो वडिलांच्या कचेरीत तयार झाला. दीपगृहे बांधणारे हे अभियंते त्यात इतके रमले, की कथेतील चाचा कॅप्टन फ्लिंट याची सही त्यांनी स्वतः वठवली. छापला गेला तो हाच. पण लेखकाला तो कधीच आपल्या बेटाचा वाटला नाही.